लोहारांचे स्वीडनमधील बिऱ्हाड

स्वीडन म्हटले की इतिहासाच्या वाचकाला त्या देशात गेलेल्यांपेक्षा त्या देशातून बाहेर पडलेली माणसेच आधी आठवतात. १८५० ते १९३० ह्या ऐंशी वर्षांत बारा लाखांहून अधिक स्वीडिश स्त्रीपुरुष अमेरिकेला निघून गेले. खडकाळ जमीन, धाकट्या मुलाच्या वाट्याला न येणारे शेत, १८६७ आणि १८६८ साली पाठोपाठ बुडालेली पिके, अशी त्याची कारणे सांगितली जातात. आज चित्र नेमके उलटे झाले आहे. त्या देशात दर पाच माणसांमागे सुमारे एक परदेशात जन्मलेला असतो आणि त्यांत आपल्याकडून गेलेले अभियंतेही आहेत. ह्या दोन चित्रांवरून असा समज होतो की, परक्यांनी तेथे जाऊन राहणे ही दुसऱ्या महायुद्धानंतरची गोष्ट असावी. हा समज बरोबर नाही. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात राजसत्तेच्या संमतीने आणि तिच्या गरजेपोटी परकी माणसे मुद्दाम बोलावून स्वीडनच्या अरण्यांत वसविली गेली होती. त्यांतील वालून लोहारांची हकीकत येथे सांगावयाची आहे. नोकरीच्या हुकुमाने मराठी मुलुखाबाहेर बिऱ्हाड थाटणाऱ्या आपणांसारख्या वाचकांना तिच्यात पुष्कळसे ओळखीचे भेटेल.

वालून म्हणजे आजच्या बेल्जमच्या दक्षिण भागातील, फ्रेंचच्या जवळची बोली बोलणारे लोक. लिएज, नामूर, आणि सीमेपलीकडील सेदाँ ह्या प्रदेशांत लोखंडाचा धंदा फार जुना. तेथील डोंगरांत धातुपाषाण होता, ओढ्यांना चाके फिरविण्याइतके पाणी होते आणि पिढ्यान् पिढ्या घणाखाली वाढलेली घराणी होती. मात्र सतराव्या शतकाच्या आरंभी त्या प्रदेशाचे दिवस फिरू लागले होते. कोळशासाठी झाडे तोडून अरण्ये विरळ झाली होती, स्पेन व नेदरलंड्स ह्यांच्या दीर्घ युद्धाने गावे वारंवार तुडविली जात होती, आणि प्रत्येक सैन्याला तोफा हव्या असल्या तरी त्यांचे पैसे वेळेवर मिळतीलच ह्याची शाश्वती नव्हती.

स्वीडनची स्थिती ह्याच्या उलट होती. १६११ मध्ये गुस्ताव आडोल्फ गादीवर आला तेव्हा तो सोळा वर्षांचा होता आणि वडिलांकडून त्याला डेन्मार्क, रशिया व पोलंड ह्यांच्याशी चाललेली तीन युद्धे वारशाने मिळाली होती. डेन्मार्कशी १६१३ मध्ये तह झाला. पण पश्चिम किनाऱ्यावरचा एल्फ्सबोर्गचा किल्ला सोडवून घेण्यासाठी दहा लाख रिक्सडालरांची खंडणी सहा वर्षांत भरण्याची अट त्यात होती. समुद्राकडे जाणारी पश्चिमेची ती एकच खिडकी, त्यामुळे किल्ला सोडून देण्याचा प्रश्नच नव्हता. १६१९ मध्ये शेवटचा हप्ता भरला गेला, तोवर राज्य कर्जात बुडाले होते. जमिनीखाली तांबे आणि लोखंड अमाप होते, अरण्याला अंत नव्हता, नद्यांना वेग होता. कमी होती ती भांडवलाची आणि उत्तम लोखंड काढणाऱ्या हातांची. स्वीडिश लोकांना लोखंड काढता येत नव्हते असे नव्हे. त्यांच्या भट्ट्या लाकडाच्या चौकटीत माती भरून बांधलेल्या असत. त्या चालत, पण लवकर जळत आणि थोडेच लोखंड देत. वालून मिस्त्री बांधत ती भट्टी दगडी व उंच असे आणि दीर्घकाळ अखंड पेटती राही.

ह्या दोन गरजांची गाठ घालून देणारा माणूस लुई द येर. त्याचा जन्म १५८७ साली लिएज येथे झाला. घराणे कॅल्व्हिनपंथी प्रॉटेस्टंट, त्यामुळे कॅथलिक धर्मगुरूच्या राज्यातून उठून ते हॉलंडमध्ये गेले. लुईने पुढे अ‍ॅम्स्टरडॅममध्ये पेढी काढली आणि शस्त्रांच्या व्यापारात पैसा केला. विलेम द बेश हा लिएजचाच एक कसबी उद्योजक त्याच्या आधीच स्वीडनमध्ये जाऊन राहिला होता. त्याच्या भागीदारीत द येरने प्रथम फिन्सपोंगचा तोफांचा कारखाना हाती घेतला. १६२७ मध्ये तो स्वतः स्वीडनमध्ये आला आणि तेथील नागरिक झाला. उप्सालाच्या उत्तरेस दान्नेमोरा नावाची लोखंडाची खाण आहे. तिच्या परिसरातील लोव्हस्टा, ओस्टरब्यू आणि जीमो हे राजाच्या मालकीचे कारखाने त्याने व द बेशने भाडेपट्ट्याने घेतले, आणि १६४३ मध्ये द येरने ते विकत घेतले. राजाला कर्ज द्यावे आणि त्या मोबदल्यात खाणी, कारखाने व सवलती घ्याव्यात, असा हा व्यवहार होता. १६४१ मध्ये त्याला स्वीडिश सरदारकी मिळाली. स्वीडिश उद्योगाचा जनक म्हणून त्याचा गौरव होतो आणि तो अस्थानी नाही. पण १६४९ मध्ये स्थापन झालेली स्वीडिश आफ्रिका कंपनी हीदेखील त्याचीच कल्पना होती आणि ती कंपनी गुलामांच्या व्यापारात उतरली होती, हे गौरव करताना विसरले जाते.

कारखाने मिळाले तरी कारागीर नव्हते. ते आणण्यासाठी द येरचे मुनीम लिएज-नामूरच्या खोऱ्यांतून हिंडू लागले. लोहार, भट्टीवाले, ओतारी, गवंडी, सुतार, लाकूडतोडे आणि कोळसा पाडणारे असे सर्व तऱ्हेचे लोक त्यांनी निवडले. कोळसा पाडणाऱ्याला आपण लोणारी म्हणू. लोखंडाच्या धंद्यात लोहाराइतकाच लोणारी महत्त्वाचा, कारण कोळसा वाईट तर लोखंड वाईट. वालून लोणारी लाकडे उभी रचून वर माती लिंपत. स्वीडनमध्ये ती आडवी रचण्याची चाल होती. उभ्या रचणीची पद्धत पुढे तेथे सर्वत्र पसरली.

ह्या लोकांशी लेखी करार होत. माझे रोजचे काम आस्थापना शाखेतले असल्यामुळे ह्या करारांची माहिती वाचताना मला मोठे कौतुक वाटले. कामाचा प्रकार, मुदत, मजुरीचा दर, प्रवासखर्च आणि निघण्यापूर्वी द्यावयाची उचल, हे सारे त्यात असे. उचल घेऊन माणूस पळाला तर काय, हा प्रश्न त्या मुनिमांनाही पडलेला होता. प्रवास बहुधा अ‍ॅम्स्टरडॅमवरून जहाजाने, तेथून नोरशोपिंग किंवा स्टॉकहोम, आणि मग बैलगाडीच्या किंवा बर्फावरच्या घसरगाडीच्या वाटेने अरण्यात. स्पेनच्या ताब्यातील नेदरलंड्सच्या सरकारला हे रुचले नाही. कसबी माणसे शत्रुपक्षाच्या मित्राकडे जात आहेत हे पाहून त्याने ही भरती अडविण्याचा प्रयत्न केला, परंतु माणसे जातच राहिली. १६२० ते १६५० ह्या तीस-एक वर्षांत सुमारे हजारभर कारागीर स्वीडनमध्ये उतरले असे इतिहासकार मानतात. बायकामुले धरली तर आकडा बराच मोठा होतो. स्वीडनची वस्ती त्या वेळी दहा लाखांच्या आसपास होती. म्हणजे प्रमाण फार नव्हते. पण ही सारी माणसे मोजक्या कारखान्यांत एकवटली होती, आणि त्या कारखान्यांच्या आवारात चुलीपासून घणापर्यंत त्यांचीच बोली ऐकू येत होती.

त्यांची विद्या कोणती, हे समजल्याशिवाय पुढची गोष्ट नीट कळणार नाही. भट्टीतून निघालेले बिडाचे लोखंड ठिसूळ असते, कारण त्यात कोळशाचा अंश फार. तो जाळून काढला म्हणजे घडीव लोखंड मिळते. स्वीडनमध्ये रूढ असलेल्या जर्मन पद्धतीत हे वितळविणे आणि पुन्हा तापवून ठोकणे एकाच चुलाण्यावर होई. वालून पद्धतीत चुलाणी दोन. पहिल्यावर बिडाच्या लांबलचक कांबीचे टोक हळूहळू आत सरकवीत नेत. थेंब थेंब वितळून तळाशी जमे, त्याचा गोळा करून पाणचक्कीवर चालणाऱ्या मोठ्या घणाखाली तो चेपीत. मग दुसऱ्या चुलाण्यावर तो तापवून त्याची लांब सळई ओढीत. काम रविवारी रात्री सुरू होई ते शनिवारपर्यंत दिवसरात्र पाळ्यांनी चाले. लोहारांच्या अंगात पायघोळ लिननचा सदरा आणि पायांत लाकडी जोडे. विसाव्यासाठी भट्टीला लागूनच एक खोली. पाळी संपली की माणूस तेथेच आडवा होई, कारण थोड्याच तासांनी त्याला पुन्हा उभे राहावयाचे असे. लोखंडाचा गोळा केव्हा तयार झाला हे सांगणारे कोणतेही यंत्र नव्हते. ज्वाळेचा रंग, सळईच्या टोकाशी हाताला लागणारा जडपणा आणि आवाज ह्यांवरून ते ओळखावयाचे. ही विद्या कागदावर उतरत नव्हती. बापाने मुलाला शेजारी उभे करूनच ती द्यावी लागे.

दान्नेमोराचा धातुपाषाण विलक्षण शुद्ध, लोखंडाला ठिसूळ करणारा फॉस्फरस त्यात अगदी कमी. अशा पाषाणाला ही पद्धत लागली तेव्हा निघालेले लोखंड युरोपात अजोड ठरले. ज्या बंदरातून ते जाई त्या ओरेग्रुंदच्या नावाने इंग्लंडचे व्यापारी त्याला ओळखत. लोव्हस्टाच्या सळईवर वर्तुळातील ‘एल’ अक्षराचा शिक्का असे, ओस्टरब्यूच्या सळईवर दोन वर्तुळांचा. शेफील्डचे पोलाद करणारे कारागीर हे शिक्के पाहून किंमत ठरवीत. १७४० च्या सुमारास बेंजामिन हंट्समनने मुशीत पोलाद वितळविण्याची रीत काढली, तिलाही स्वीडिश लोखंडच मानवले. वालून पद्धतीचे लोखंड हा स्वीडनच्या एकूण लोखंडाचा लहानसा हिस्सा होता. बाकीचे सारे जर्मन पद्धतीचे. पण भाव आणि नाव ह्याच हिश्श्याला होते.

आता मुख्य प्रश्न. करार काही वर्षांचे होते आणि मुदत संपल्यावर परत जाण्याची मुभा होती. काहीजण परत गेलेही. मग बहुसंख्य का राहिले? ह्याची नेहमी दिली जाणारी उत्तरे दोन. एक, मजुरी चांगली होती. ती होतीच, वालून लोहाराला स्वीडिश कामगारापेक्षा अधिक मिळे. पण चांगली मजुरी मिळवून माणूस ती गाठीला मारून घरी परततो, हेही जगात सर्वत्र दिसते. दुसरे उत्तर धर्माचे: छळाला कंटाळून हे प्रॉटेस्टंट लोक उत्तरेला आले. हे उत्तर द येरच्या घराण्याला लागू पडेल. त्याच्या लोहारांना ते पडत नाही. लिएजकडून आलेल्या पुष्कळांचा जन्म कॅथलिक घरांत झाला होता, आणि स्वीडनमध्ये तर १६१७ च्या कायद्याने कॅथलिक होणाऱ्या प्रजाजनाला देशात थारा नव्हता. जे कॅल्व्हिनपंथी होते त्यांचीही लुथरपंथी धर्मपीठाने सहज गय केली नाही. द येरने आपल्या घरासाठी स्वपंथाचा उपदेशक ठेवला, त्याबद्दल पाद्री कुरकुरत राहिले. मालकाला जे जमले ते घण मारणाऱ्याला कसे जमावे? त्याचे लग्न, मुलाचे नामकरण आणि बापाचे दफन गावच्या लुथरपंथी देवळातच होणार होते. रिफॉर्म्ड पंथाच्या परदेशीयांना उघड उपासनेची मोकळीक १७४१ मध्ये मिळाली. तोवर ह्या लोहारांचे पणतू लुथरपंथी होऊन कित्येक वर्षे लोटली होती. धर्मासाठी ते आले असते तर आल्यावर धर्म इतक्या मुकाट्याने सोडला नसता.

माझ्या मते त्यांना धरून ठेवले ते म्हातारपणाच्या सोयीने आणि मुलाच्या जागेने. अशा कारखान्याच्या वस्तीला स्वीडिशमध्ये ब्रूक म्हणतात. ब्रूक म्हणजे नुसती भट्टी नव्हे. एक सरळ रस्ता, त्याच्या दुतर्फा लोहारांची सारखी घरे, प्रत्येकाला भाजीचा तुकडा आणि गाईपुरते गवत, मध्ये धान्याचे कोठार, देऊळ आणि मालकाचा वाडा, अशी ती स्वतंत्र वसाहत असे. मजुरीचा मोठा भाग कोठारातील धान्याच्या रूपाने मिळे आणि खात्यावर लिहिला जाई. लोहाराचा हात थकला म्हणजे त्याला रस्त्यावर काढण्याची चाल नव्हती; राहते घर किंवा त्यातला कोपरा आणि थोडे धान्य त्याला मिळत राही. अठराव्या शतकापर्यंत मोठ्या ब्रूकांत शाळा, वैद्य आणि निवृत्त कामगारांचा निर्वाह ह्या गोष्टी रुळल्या होत्या. शेतमजुराला ज्या काळी असे काहीच नव्हते त्या काळची ही गोष्ट आहे. दुसरे असे की, बापाच्या चुलाण्यावर मुलाचा जवळजवळ हक्क होता. विद्या घरातच राहत असल्यामुळे मालकालाही तेच सोयीचे पडे. म्हणून दोन-तीन पिढ्या ही घराणी आपसांतच सोयरिकी करीत राहिली. एका ब्रूकातील मुलगी दुसऱ्या ब्रूकात द्यावयाची. अंतर शंभर मैल असले तरी चालेल, पण घरात चुलाणे वालून हवे.

ह्यात मालकाचे औदार्य होते असे समजण्याचे कारण नाही. कोठाराच्या खात्यावर लोहाराचे कर्ज साठत जाई, आणि कर्ज फिटल्याविना दुसरीकडे जाणे अवघड होई. म्हातारपणीचे धान्य हे तरुणपणी पळून न जाण्याचे बक्षीस होते. तरीही लोहाराच्या बाजूने पाहिले तर त्याचा हिशेब चूक नव्हता. युद्धाने उजाड झालेल्या खोऱ्यात परत जाऊन साठाव्या वर्षी त्याला कोण विचारणार होते? निवृत्तीस दोन वर्षे उरलेले एक मराठी गृहस्थ आमच्या कचेरीत आहेत. गावचे घर भावाच्या नावे, मुले इथल्याच शाळांतून शिकलेली, आणि सरकारी औषधालयाचे कार्ड इथले. परत जाणार का, असे त्यांना विचारले की ते औषधालयाच्या कार्डापासूनच बोलावयास सुरुवात करतात.

ज्याने ह्या सर्वांना बोलावले तो लुई द येर मात्र १६५२ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमच्या आपल्या घरी मरण पावला. त्याला दोन्ही देशांत वाडे होते. लोहाराला एकच घर होते आणि ते ब्रूकात होते.

ह्याच दशकांत आणि बऱ्याच अंशी तशाच अरण्यांत आणखी एका जातीचे परके वसत होते, आणि त्यांची गोष्ट ह्या गोष्टीशेजारी ठेवून पाहिली पाहिजे. फिनलंड तेव्हा स्वीडनच्याच राज्यात होते. ते १८०९ मध्ये रशियाकडे गेले. त्यामुळे फिन लोक कायद्याने परके नव्हते, भाषेने होते. पूर्व फिनलंडच्या साव्हो भागातून सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून हे शेतकरी व्हेर्मलांड व आसपासच्या ओसाड अरण्यात येऊ लागले. राजसत्तेनेच त्यांना काही वर्षांची करमाफी देऊन उत्तेजन दिले. ओसाड जमीन लागवडीस आली की पुढे कर मिळेल, हा हेतू. त्यांची शेती आपल्याकडील कुमरीसारखी. जुने सूचिपर्णी रान तोडावयाचे, वाळू द्यावयाचे, जाळावयाचे आणि उष्ण राखेत राय हे धान्य विरळ पेरावयाचे. ह्या रायची जात निराळी. एकेका दाण्यापासून कणसांचा दाट झुबका फुटे आणि पीक आश्चर्य वाटावे इतके येई. एक-दोन पिके झाली की पुढच्या रानाकडे. धुराडे नसलेले धुरकट घर, धान्य वाळविण्याची उबदार खोली आणि वाफेच्या स्नानाची झोपडी, एवढा त्यांचा संसार.

पुढे अरण्याची किंमत बदलली. द येर आणि त्याच्यासारखे इतर ह्यांच्या भट्ट्यांना कोळसा हवा होता, आणि जे झाड फिन शेतकऱ्याला जाळावयाचे होते तेच लोणाऱ्याला हवे होते. १६४७ च्या अरण्यविषयक कायद्याने ह्या जाळपोळीच्या शेतीवर निर्बंध आले. कालपर्यंत ज्याला ओसाड जमिनीचा उद्धारक म्हणून बोलावले तो आता अरण्याचा नाश करणारा ठरला. कुमरीवर ब्रिटिश जंगलखात्याने घातलेल्या निर्बंधांची कथा ज्यांनी वाचली असेल त्यांना ह्यात नवे काही वाटणार नाही. एकाच राज्याने, एकाच पिढीत, एका पाहुण्याच्या विद्येसाठी दुसऱ्या पाहुण्याची विद्या गुन्हा ठरविली. दोघेही सारखेच कष्टाळू होते आणि दोघांनाही बोलावणे गेले होते.

परिणाम मात्र अपेक्षेच्या उलट झाला. मान मिळालेल्या वालूनांची बोली अठराव्या शतकातच विरत गेली. रानात दूर ढकलल्या गेलेल्या फिनांची भाषा विसाव्या शतकाच्या सातव्या दशकापर्यंत टिकली. ती जन्मभाषा म्हणून बोलणारे शेवटचे वृद्ध व्हेर्मलांडमध्ये तेव्हा वारले. मध्यंतरी १८१७ आणि १८२१ मध्ये कार्ल आक्सेल गॉटलुंड हा फिनिश विद्यार्थी ह्या रानांतून पायी हिंडला होता. त्याने तेथील गाणी-कथा टिपून घेतल्या आणि त्या लोकांना स्वतःच्या भाषेचा पाद्री मिळावा म्हणून राजाकडे खटपट केली. ती फळाला आली नाही. आज नॉर्वेत हे अरण्यवासी फिन राष्ट्रीय अल्पसंख्य म्हणून मान्य झालेले आहेत, कारण ती राने सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरलेली आहेत.

वालूनांची बोली का विरली ह्याचे उत्तर त्यांच्या सुस्थितीतच आहे असे मला वाटते. त्यांच्याकडे शाळा होती आणि शाळा स्वीडिशमध्ये होती. देऊळ होते आणि त्यातील प्रवचन स्वीडिशमध्ये होते. १७१९ च्या उन्हाळ्यात रशियन आरमाराने किनारा जाळला, तेव्हा लोव्हस्टाही राख झाले. ते पुन्हा जुन्याच आखणीवर उभारले गेले आणि १७२८ मध्ये त्याच्या देवळात कामानने बांधलेला तो प्रसिद्ध ऑर्गन बसला. त्याच्या सुरावर गाणाऱ्या लोहारांना पणजोबांची बोली कितपत येत असेल? गंमत अशी की, त्याच शतकात लोव्हस्टाचा मालक शार्ल द येर, लुईचा वंशज, कीटकांवरचा आपला अनेक खंडांचा ग्रंथ फ्रेंचमध्ये लिहीत होता. वाड्यात फ्रेंच होती, कारण ती युरोपातील विद्वानांची भाषा होती. पूर्वजांची म्हणून ती तेथे कोणी बोलत नव्हते.

त्या घराण्याचा पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. १८६५-६६ मध्ये स्वीडनची चार वर्गांची जुनी सभा मोडून दोन सभागृहांची नवी संसद आणणारा मंत्री लुई द येर हा त्यातलाच. १८७६ मध्ये पंतप्रधानपद निर्माण झाले तेव्हा त्यावर प्रथम तोच आला. लोहारांच्या घराण्यांत असे काही घडले नाही. ती आपापल्या चुलाण्याशी राहिली, आणि एकोणिसाव्या शतकात पोलाद करण्याच्या नव्या रीती आल्यावर चुलाणीच एकेक करून विझू लागली. ओस्टरब्यूची वालून भट्टी १९०६ पर्यंत चालली आणि आजही घण, भाते व विसाव्याच्या खोलीसह ती जतन करून ठेवलेली आहे. लोव्हस्टाचे काम १९२६ मध्ये थांबले.

ह्यानंतर वालून मूळ ही स्वीडनमध्ये अभिमानाची गोष्ट झाली. काळे केस किंवा तपकिरी डोळे दिसले की घरात वालून रक्त असले पाहिजे, असे म्हणण्याची तेथे चाल पडली. हजारभर कारागिरांना इतके वंशज असणे कठीण आहे. केसांचा रंग हा काही पुरावाही नव्हे. खरा पुरावा देवळांच्या दप्तरांत आहे. स्वीडिश पाद्र्याने कानाला जसे ऐकू आले तसे नाव लिहून घेतले. त्यामुळे एकाच घराण्यातील बाप, मुलगा आणि नातू ह्यांची आडनावे तीन तऱ्हांनी लिहिलेली आढळतात, आणि पुष्कळदा नातवाची सही मूळ फ्रेंच नावाशी पडताळून पाहिल्याशिवाय ओळखू येत नाही. तरी ती नावे पुसली गेली नाहीत. द्युबुआ, आंजू, बोनेव्हिए अशी आडनावे उप्सालाच्या परिसरातील दप्तरांत पिढ्यान् पिढ्या उतरत आलेली दिसतात, आणि त्यांच्यापुढील व्यवसायाच्या रकान्यात दोनशे वर्षे एकच शब्द आहे: लोहार.